सुताराला ॲडव्हान्स देण्याआधी

नमस्कार. मी डोंबिवली पूर्वेला राहते. रेल्वे रुळांपासून चालत चार-पाच मिनिटांवर, तिसरा मजला, टू बीएचके. दोन वर्षांपासून छोट्या जाहिरातींना आवाज देते. आता ऑडिओबुक वाचायची संधी आली. घरूनच नमुना रेकॉर्ड करून पाठवला, तो परत आला. शेरा असा: 'आवाज छान, पण खोली ऐकू येते आहे आणि नॉइज फ्लोअर जास्त आहे.' माझ्याकडे एक साधा यूएसबी माईक आहे. १० बाय ११ ची छोटी बेडरूम या कामासाठी मिळू शकते. आमच्या सुताराने ४ बाय ४ फुटांचा, ७ फूट उंच प्लायचा बूथ, आतून एक इंची फोम लावून ८५ हजारांत करून देतो म्हटलंय. दीर म्हणतात अंड्यांचे ट्रे चिकटवा, फुकटात काम होईल. मिस्टर तबला वाजवतात, त्यांनाही त्याच बूथमध्ये रेकॉर्डिंग करायचंय. सगळं मिळून दीड लाख बाजूला काढलेत. शिवाय सातनंतर सासूबाईंच्या मालिका सुरू होतात आणि टीव्हीचा आवाज कमी करा म्हटलं की घरातलं वातावरण बिघडतं. बूथ बांधू का?
– नाव नको, डोंबिवली

ताई, सुताराला ॲडव्हान्स दिला नसेल तर थांबा. दिला असेल तरी हरकत नाही, त्याच्यासाठी दुसरं काम आहे, ते पुढे येईलच. बूथ मात्र आत्ता नको.

तुमचा नमुना परत पाठवणाऱ्याने एका ओळीत दोन तक्रारी केल्यात आणि त्या एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत. 'खोली ऐकू येते' म्हणजे तुमचाच आवाज भिंतींवर आपटून, घुमून परत माईकमध्ये शिरतोय. 'नॉइज फ्लोअर जास्त' म्हणजे तुम्ही गप्प असतानाही माईकला काहीतरी ऐकू येतंय. पहिल्याचा इलाज आवाज शोषणारी जाड, सच्छिद्र, मऊ वस्तू. दुसऱ्याचा इलाज वजनदार भिंत आणि बुजवलेल्या फटी, किंवा आवाज करणारी वस्तू सरळ बंद करणं. शोषणारी वस्तू बाहेरचा आवाज अडवत नाही आणि जड भिंत आतला घुमारा कमी करत नाही, उलट वाढवते. लोक फोम लावतात आणि लोकल ऐकू येते म्हणून कपाळाला हात लावतात, त्याचं कारण हेच.

आता सुताराचा बूथ दोन्ही तक्रारींवर काय करेल ते बघू.

अठरा एमएम प्लायचं वजन चौरस मीटरला अकरा-बारा किलो भरतं. भिंत किती आवाज अडवते हे मुख्यतः वजनावर ठरतं. वजन दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल जास्त अडतात. आणि आवाज जितका खर्जातला तितकी भिंत हतबल होते, वारंवारता निम्मी झाली की तेच ६ डेसिबल हातचे जातात. रुळांवरचा जो घरघराट तुमच्या इमारतीत शिरतो, त्यातला १०० हर्ट्झच्या (सेकंदाला शंभर कंपनांच्या) आसपासचा भाग अडवायला असं प्लाय कागदावर जेमतेम १५ डेसिबलचं. तेही कुठेही फट नसेल तर. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी उघडं राहिलं, तर ती भिंत विटांची असो की काँक्रीटची, २० डेसिबलच्या पुढे काही अडवू शकत नाही. साध्या दाराखालची अर्ध्या इंचाची फट दाराच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त भरते, आणि सुताराने दाखवलेल्या चित्रात दाराला रबरी पट्टीसुद्धा नसणार, पैज लावतो.

मग विटांचा बांधू, असं कुणी सुचवलं तर तिथल्या तिथे थांबवा. ४ बाय ४ च्या खोक्याच्या साडेचार इंची विटांच्या भिंती दोन टनांवर जातात. घरगुती स्लॅब चौरस मीटरला २०० किलो भार धरून डिझाइन केलेली असते आणि तुमच्या बूथखाली असेल दीड चौरस मीटर. सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत गोष्ट जायच्या आधीच हा विचार सोडा.

घुमाऱ्याचं काय? तिथे तर ४ बाय ४ म्हणजे आगीतून फुफाट्यात. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जेवढं अंतर, त्यावरून त्या जागेत कुठले सूर फुगणार ते ठरतं. चार फुटांच्या अंतराला पहिला सूर १४० हर्ट्झच्या आसपास येतो आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे २८० ला, दुसरा. बूथ चौरस आहे, म्हणजे लांबी आणि रुंदी दोन्ही एकाच सुराला फुगवणार. वर तिरक्या मार्गाने आणखी एक सूर तयार होतो, २०० हर्ट्झच्या जवळ. बाईमाणसाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १६५ ते २५५ हर्ट्झमध्ये असतो. पुरुषांचा ८५ ते १८० मध्ये. म्हणजे तुम्ही वाचा नाहीतर मिस्टर बोलोत, हे खोकं प्रत्येकाच्या आवाजाच्या नेमक्या वर्मावर बोट ठेवणार. एक इंची फोमचा त्यावर काही उपाय नाही, कारण तेवढा पातळ फोम हजार-दोन हजार हर्ट्झच्या वरचंच नीट खातो. मग होतं काय, की 'स', 'च', 'श' मधली झळाळी फोम गिळतो आणि खालचा घुमका तसाच राहतो. डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज येतो आणि तो नंतर सॉफ्टवेअरमध्ये कितीही पिळला तरी डब्याबाहेर येत नाही. प्रकाशकाला आज तुमची खोली ऐकू येते, उद्या कपाट ऐकू येईल.

आणि श्वासाचं काय? चार बाय चार बाय सात म्हणजे ११२ घनफूट, सव्वातीन घनमीटरसुद्धा नाही. शांत बसलेला माणूस तासाला अठरा-वीस लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, मोठ्याने वाचणारा त्याहून जास्त. बूथ खरोखर हवाबंद झाला, तर अर्ध्या तासात आतल्या हवेत त्याचं प्रमाण दशलक्षात तीन हजारांच्या वर जातं. मोकळ्या हवेत ते सव्वाचारशेच्या आसपास असतं. डोकं जड होतं, जांभया येतात, आणि तिसऱ्या प्रकरणात तुमची नायिका पेंगायला लागते. त्यात शरीराची शंभरेक वॅट उष्णता आणि डोंबिवलीचा ऑक्टोबर. पंखा लावावा तर त्याचा आवाज, म्हणून मग अस्तर लावलेली, वळणं घेत जाणारी रुंद हवानळी करायची, एक हवा आत यायला, एक बाहेर जायला, पंखा खोलीच्या बाहेर. तुमच्या सुताराच्या ८५ हजारांत हे काहीही धरलेलं नाही.

दिरांच्या ट्रेंबद्दल. अंड्याचा ट्रे म्हणजे लगद्याचा पातळ कागद. वजन नाही म्हणून आवाज अडत नाही, जाडी नाही म्हणून शोषला जात नाही. वरच्या पट्टीतल्या थोड्या आवाजाला तो इकडेतिकडे विखुरतो, बस. हे हसण्यावारी नेता आलं असतं, पण तो पेटतो. पॅकिंगचा साधा फोम तर भडकतो. २००३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये 'द स्टेशन' या नाइटक्लबला आग लागली, ती स्टेजमागे आवाजासाठी लावलेल्या फोमने आतषबाजीची ठिणगी पकडल्यामुळे. शंभर माणसं गेली. तुमच्या घरी आतषबाजी नाही, पण एक्स्टेन्शन बोर्ड आहे, ॲडॅप्टर आहे, आणि बूथला दार एकच. ट्रे परत किराणा दुकानात, आणि दिरांना प्रेमाने चहा.

आता काय करायचं ते.

आधी तीस सेकंद गप्प बसा आणि ते रेकॉर्ड करा. पंखा सुरू, फ्रिज सुरू, लॅपटॉप टेबलावर, नेहमी असतं तसंच. मग एकेक गोष्ट बंद करत पुन्हा तीस सेकंद. ऑडिओबुक विकणाऱ्या ऑडिबल कंपनीच्या एसीएक्स या मंचाची मापं जाहीर आहेत आणि सरावाला चांगली आहेत (इथे शून्य म्हणजे रेकॉर्डिंगची कमाल पातळी, म्हणून आकडे उणे): शांततेची पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली, वाचनाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ च्या दरम्यान, आणि सर्वांत मोठा आवाजही उणे ३ च्या वर जाता कामा नये. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात ही पातळी दिसते. फक्त मोजण्याआधी तुमचं वाचन त्या सरासरीवर आणून ठेवा, नाहीतर आकडा फसवा येतो.

माझा अंदाज असा, की तुमच्या नॉइज फ्लोअरचा गुन्हेगार लोकल नाहीच. लोकल येते आणि जाते. ती गेली की ते वाक्य पुन्हा वाचायचं. रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चुकलेल्या जागेच्या चार सेकंद मागून ऐकवत पुढे रेकॉर्डिंग सुरू करता येतं, ऑडिओबुक वाचणारे पुष्कळजण याच पद्धतीने काम करतात. सतत चालू असतो तो लॅपटॉपचा पंखा, भिंतीपलीकडचा फ्रिज, बाथरूमचा एक्झॉस्ट, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, इन्व्हर्टरची गुणगुण. हे तुमच्या प्रत्येक अक्षराखाली अंथरलेलं असतं. लॅपटॉप खोलीबाहेर ठेवा, लांब यूएसबी केबल टाका किंवा निदान तो टेबलाखाली, पंख्याचं तोंड उलटीकडे करून ठेवा. चार्जर काढल्यावर गुणगुण थांबते का बघा. थांबत असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, माईक बदलू नका.

रुळांचं जे उरतं त्यातला हॉर्न आणि चाकांची किरकिर खिडकीतून येते, घरघराट जमिनीतून आणि इमारतीच्या अंगातून. घरघराटासाठी माईकच्या स्टँडखाली जाड गोधडीची घडी, माईकला रबरी दोऱ्यांचा शॉकमाउंट, आणि ८० हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर. तुमच्या आवाजाचा मूळ सूर त्याच्या बराच वर आहे, त्यामुळे कापलेल्यात तुमचं काही जात नाही. हॉर्नसाठी खिडकी.

आणि सुताराला पहिलं काम द्यायचं ते खिडकीचं. स्लायडिंग ॲल्युमिनियमची खिडकी म्हणजे फटींचं प्रदर्शन. तिच्या आतल्या बाजूला चौकटीत घट्ट बसेल असा एक झाकणवजा पल्ला करायला सांगा: अठरा एमएमचे दोन प्लाय एकावर एक, कडेने सगळीकडे मऊ रबरी पट्टी, खोलीच्या बाजूला दोन इंच रॉकवूल (दगडी तंतूंची आवाज शोषणारी लादी) आणि वर कापड, उचलायला दोन मुठी. काम करताना लावायचा, झालं की काढायचा. पल्ला आणि काच यांच्यात जेवढी जास्त पोकळी सुटेल तेवढं चांगलं. सोसायटीची परवानगी नको, बाहेरून काही दिसत नाही. दारालाही तीन बाजूंनी तीच पट्टी आणि खाली दार लावल्यावर आपोआप खाली उतरणारी सील. हे एवढं काम त्या अख्ख्या बूथपेक्षा जास्त बाहेरचा आवाज अडवेल, कारण तुमच्या खोलीच्या भिंती आधीच विटांच्या आणि जड आहेत. भोकं तेवढी बुजवायची आहेत.

मग घुमारा. इथे पैसे खर्च करण्याआधी एक जुनी गंमत करून बघा. १८९५ साली हार्वर्डमध्ये फॉग म्युझियमचं नवं व्याख्यानगृह बांधलं, आणि आत बोललेलं कुणालाच समजेना. एक शब्द उच्चारला की साडेपाच सेकंद रेंगाळायचा. वॉलेस सबीन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं, बघा काय करता येतं. हा माणूस रात्री रस्ते शांत झाले की शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या बाकांच्या गाद्या उचलून आणायचा, मांडायचा, किती गाद्यांनी घुमारा किती कमी होतो ते ऑर्गनची नळी वाजवून मोजायचा आणि उजाडायच्या आत गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवायचा. खोल्यांचा घुमारा मोजायचं जे सूत्र आजही सगळे वापरतात, ते या गाद्यांतून आलं.

तुमच्याकडे गाद्या आहेत. कापसाची जाड गादी भिंतीला टेकून उभी करा, तिच्याशेजारी दुसरी, वर दोरीवर दोन-तीन गोधड्या भिंतीपासून वीतभर सोडून लटकवा, कपड्यांच्या कपाटाची दारं सताड उघडी ठेवा. त्या कोपऱ्यात बसून तेच पान वाचा आणि जुन्या नमुन्याशेजारी ठेवून ऐका. आहे तोच माईक. फरक ऐकून मिस्टर स्वतः सुताराला फोन करतील.

कुठे बसायचं हे मात्र बघून ठरवा, कारण इथे बहुतेक जण उलटं करतात. असे माईक बहुधा समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं कमी घेतात. म्हणून तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसा, म्हणजे माईकची पाठ खिडकीकडे होईल. माईकला समोर दिसता तुम्ही आणि तुमच्या मागची भिंत. म्हणजे सर्वांत जास्त शोषण तुमच्या पाठीमागे हवं. माईकच्या मागे लावायची ती अर्धगोल फोमची ढाल दुकानात फार विकली जाते, ती नेमकी चुकीची बाजू झाकते. घेऊ नका.

गाद्यांनी पटलं की सुताराला दुसरं काम: आठ पॅनल. रॉकवूलचे स्लॅब इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात, बहुधा एक मीटर बाय साठ सेंटिमीटर, ५० एमएम जाडीचे. घनता ४८ किंवा ६४ ची घ्या. स्लॅब आधी घरी आणा, मग त्यांच्या मापाने चौकटी करायला सांगा, उलटं केलंत तर प्रत्येक स्लॅब कापत बसाल. एका चौकटीत दोन स्लॅब, म्हणजे चार इंच जाडी. कापताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, आणि मुलांना त्या दिवशी आजीच्या खोलीत, कारण ते तंतू अंगाला भयंकर खाजतात. आत पातळ न विणलेलं कापड, बाहेर सुती. कापड निवडताना तोंडाला लावून फुंका, श्वास आरपार गेला तर चालेल. रेक्झिन नको, सोफ्याचं जाड कापडही नको.

तीन पॅनल पाठीमागे, दोन बाजूंना, दोन डोक्यावर छतापासून चार इंच खाली, आणि एक पायांवर उभं राहणारं, हवं तिथे सरकवायला. छताची दोन फास्टनर ठोकून पक्की, ती पुस्तकावर पडायला नकोत. बाहेरच्या भिंतीपासून दोन-चार इंच पोकळी सोडा. एक तर त्याने खालचे सूर जास्त शोषले जातात, दुसरं म्हणजे जून-जुलैत भिंतीला ओल आली तर कापडाला बुरशी धरत नाही. उरलेल्या खोलीत पलंग, पडदा, पुस्तकं असू देत. खोली एकदम मुर्दाड करायची नाही, माणूस बसून वाचतोय असं वाटलं पाहिजे.

हा कोपरा म्हणजेच तुमचा बूथ. फक्त त्याला दार नाही आणि त्यात हवा आहे.

फुकटातली सर्वांत मोठी सुधारणा अजून सांगायची राहिली. माईकपासूनचं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोली होती तिथेच राहते. भिंतीचं वजन दुप्पट करून जेवढं मिळालं असतं तेवढं, खुर्ची पुढे सरकवून. एक वीतभर अंतर ठेवा, जवळपास आठ-नऊ इंच. त्याहून फार जवळ गेलात तर आवाजाला खोटा खर्ज चढतो आणि आपल्या भाषेत 'फ', 'भ', 'ध', 'घ' यांची रेलचेल आहे, प्रत्येकाचा वारा माईकवर आदळतो. 'भाऊ' आणि 'फाटक' म्हणून बघा. पॉप फिल्टर, म्हणजे वारा अडवणारी जाळी, लावा आणि माईक तोंडासमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याकडे थोडा तिरका ठेवा, वारा बाजूने निघून जातो.

नवा माईक हवाच का? वरचं सगळं झाल्यावर ठरवा. घ्यायचा झाला तर तुमच्या कामाला चांगला कंडेन्सर माईक आणि तो लॅपटॉपला जोडणारा साधा एक-दोन इनपुटचा इंटरफेस पुरे, कंडेन्सरला लागणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पॉवर, त्यातूनच मिळते. कागदावर एकच आकडा आवर्जून वाचा, माईकचा स्वतःचा आवाज, म्हणजे सेल्फ नॉइज. रोडच्या एनटी१-ए चा ५ डेसिबल आहे, ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० चा २०. जाहिरातीत मागे संगीत असतं, तिथे हा फरक कुणाला कळत नाही. आठ तासांच्या पुस्तकात दोन वाक्यांमधल्या शांततेत तो कळतो. पॉडकास्टवाल्यांच्या प्रत्येक फोटोत दिसणारा शुअरचा एसएम७बी चांगलाच माईक आहे, पण तो इतका मंद आहे की त्याला साठ डेसिबलच्या आसपास गेन द्यावा लागतो, म्हणजे इंटरफेसमध्ये तेवढा आवाज वाढवावा लागतो, आणि स्वस्त इंटरफेस तेवढ्यात सूं-सूं आवाज करायला लागतो. एसएम७बी सारखा डायनॅमिक जातीचा माईक खोली ऐकत नाही, असंही कुणी सांगेल. तो ऐकतो, फक्त लोक त्याला तोंडाला लावून बोलतात. हेडफोन बंद पाठीचे घ्या आणि माईक पावसाळ्यात हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

दीड लाखाचं मी असं करेन: खिडकी, दार आणि पॅनल यांना चाळीस-पंचेचाळीस हजारांची मर्यादा. माईक, इंटरफेस, स्टँड, हेडफोन यांना साधारण तेवढेच, पण पॅनल लागल्यावर दोन महिन्यांनी. बाकीचे बँकेत राहू देत. एखादी मोठी जाहिरात मिळाली आणि ग्राहक काटेकोर असेल, तर त्या दिवसापुरता मुंबईतला डबिंग स्टुडिओ तासावर घ्या.

वर्षभराने काम वाढलं आणि तरीही बंद बूथ हवाच वाटला, तर चौरस नको. आतून निदान साडेचार बाय साडेसहा फूट, उंची वेगळी, तीन भिंती आणि छताला चार इंच रॉकवूल, दोन हवानळ्या. बाहेरून तो साडेपाच बाय साडेसात होईल. टेप घेऊन तुमच्या खोलीत खडूने आखून बघा, मग पलंग कुठे ठेवायचा ते सांगा.

मिस्टरांचा तबला त्या बूथमध्ये मुळीच नको. तबल्याला भोवती हवा लागते, डग्ग्याची घुमक मोकळी व्हायला जागा लागते. खोलीच्या मधोमध बसवा, उभं पॅनल मागे, माईक तबल्यापासून हात-दीड हात वर. तुमच्या वाचनापेक्षा थोडी जास्त खोली ऐकू आली तरी तिथे ती शोभते. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि पॅनल तो सोडवत नाहीत. रियाजाची वेळ शेजारी जागे असतानाची ठेवा, एवढंच.

राहिल्या सासूबाई. त्यांच्या मालिकेशी भांडायचं कारणच नाही, कारण सात ते दहा तुम्ही रेकॉर्डिंग करूच नये. दिवसभर बोलून घसा तेव्हा थकलेला असतो, रुळांवर घरी परतणाऱ्यांची गर्दी असते, खाली मुलं खेळत असतात, वरच्या मजल्यावर कुकर. मुलं शाळेत गेल्यावर, साडेअकरा ते तीन, गर्दीची वेळ संपून गाड्यांमधलं अंतर वाढलेलं असतं. तेव्हा सलग पन्नास मिनिटं वाचा, दहा मिनिटं खिडकीचा पल्ला काढून हवा येऊ द्या, पाणी प्या, पुन्हा बसा. सातनंतर हेडफोन लावून दिवसभराचं संपादन करा, त्याला टीव्हीचा काही अडथळा नाही. दुपारच्या वेळेसाठी खोलीत तुमच्या नजरेसमोर एक लाल दिवा बसवा आणि त्याचं बटण दाराबाहेर, सासूबाईंच्या हाती असू द्या: बेल वाजली, कुरिअर आलं, भांड्यांना बाई आली की त्या दिवा लावतील, तुम्ही वाक्य पूर्ण करून बाहेर याल. पहिल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण त्यांनाच ऐकवा. उच्चारांच्या चुका त्यांच्याइतक्या कुणी काढणार नाही, आणि प्रकाशकाकडे जाण्याआधी त्या निघालेल्या बऱ्या.